ट्रेलरच्या चाकांची बेअरिंग घरी कशी करायची: ड्रम उघडायचाच, नुसत्या निपलवर भागवायचं नाही

आम्ही अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो. आमच्या सबडिव्हिजनमध्ये (वसाहतीत) गाडीमागे ओढायचा कॅम्पिंगचा ट्रेलर दारात दोन रात्रींपेक्षा जास्त उभा करू देत नाहीत, त्यामुळे दरवर्षी एप्रिलच्या शेवटी आमचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. शुक्रवारी संध्याकाळी स्टोरेज लॉटवरून ट्रेलर ओढून आणायचा आणि रविवारी अंधार पडायच्या आत चारही चाकं उघडून, धुऊन, ग्रीस भरून, परत बसवून तो जागेवर नेऊन ठेवायचा. पहिल्या वर्षी दोन दिवसात दोनच चाकं झाली होती आणि सोमवारी शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत उरलेली केली. आता एका चाकाला तास-सव्वा तास लागतो, चहा धरून.

ओळखीतल्या तीन मराठी घरांनी गेल्या काही वर्षांत ट्रॅव्हल ट्रेलर घेतले. सोलर किती वॅटचं, फ्रीज गॅसवर किती दिवस चालतो यावर तासन्‌तास गप्पा होतात पण बेअरिंगचं नाव काढलं की एकच उत्तर येतं, अरे त्याला ते ईझी लूबचं निपल (चाक न उघडता बाहेरून ग्रीस भरायचं तोंड) आहे ना, वर्षातून एकदा ग्रीस गनने चार पंप मारतो, झालं की. मी पण हेच करायचो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण ते निपल म्हणजे देखभाल नाही, फार तर दोन देखभालींच्या मधली मलमपट्टी आहे.

आधी थोडं आत काय असतं ते. आपल्या गाडीला बहुतेक सीलबंद हब (चाक ज्यावर बसतं तो मधला फिरता भाग) असतो, तो आवाज करायला लागला की आख्खा बदलायचा, मध्ये कोणी बघतही नाही. ट्रेलरला मात्र अजून जुनीच पद्धत आहे, आपल्याकडच्या ट्रकला आणि उसाच्या ट्रॉलीला असते तशी, टेपर रोलर बेअरिंग. हेन्री टिमकेनने १८९८ साली याचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना तीच चालू आहे. आमच्या ट्रेलरला हब आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात आहेत, आणि तो ॲक्सलच्या टोकाच्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर फिरतो. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. बेअरिंगचा रोलरवाला भाग तो कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेली गुळगुळीत स्टीलची रिंग ती रेस. रोलर निमुळते असल्यामुळे ते वजनही घेतात आणि वळणावर चाक बाजूला ढकललं जातं तो जोरही घेतात. पण त्याची एक अट आहे, बेअरिंग धरून ठेवणारा नट बरोब्बर हवा तेवढाच घट्ट पाहिजे. त्यावर नंतर सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आमचा ट्रेलर दोन ॲक्सलचा, प्रत्येक ॲक्सल ३,५०० पाउंडांचा, म्हणजे साधारण १,५९० किलो. या मापात बहुतेक वेळा बाहेरचं बेअरिंग एल ४४६४९ आणि आतलं एल ६८१४९ असतं, भोक अनुक्रमे २७ आणि ३५ मिलिमीटरच्या आसपास. पण माझ्यावर विसंबून ऑर्डर करू नका, जुन्या बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो तो वाचा आणि तोच मागवा. रेसचा नंबर वेगळा असतो, सीलचा (ग्रीस मागून गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी ओठाच्या रिंगचा) वेगळा.

किती वेळाने करायचं? ॲक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या माहितीपुस्तकात १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते. आम्ही वर्षाला चारेक हजार मैलांच्या वर जात नाही, म्हणजे मैलांचा प्रश्नच नाही, पण बारा महिन्यांची अट मी पाळतो आणि त्याला कारण आहे. उभ्या ट्रेलरचं जास्त नुकसान होतं. सहा महिने चाक फिरत नाही, ग्रीस खाली उतरतं, वरच्या रोलरवर जेमतेम थर राहतो, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात दिवसा चाळीस फॅरनहाइट रात्री दहा असं चाललेलं असताना हबच्या आत दव धरतं. रोलर आणि रेसच्या मध्ये ते पाणी बसलं की रोलरच्या जाडीएवढ्या अंतरावर गंजाच्या रेघा उठतात. बाहेरून काही कळत नाही.

आणि चालवतानाही कळत नाही, ही खरी अडचण. गाडीचं बेअरिंग घुं घुं करतं, ट्रेलरचं तुमच्यापासून वीस-पंचवीस फूट मागे असतं. दोन ॲक्सल असले की एक चाक डगमगलं तरी दुसरं वजन धरून ठेवतं. मग ग्रीस जळतं, रोलर जागेवर धरणारा पिंजरा तुटतो, रोलर वितळून स्पिंडलला चिकटतात आणि शेवटी चाक ड्रमसकट निघून जातं. स्पिंडल गेलं की शंभरातला खर्च हजारात जातो कारण मग ॲक्सलच बदलावा लागतो.

सुरू करायच्या आधी आपला ॲक्सल कुठला ते तपासा. काही ट्रेलरना नेव्हर-लूब नावाचं सीलबंद कार्ट्रिज असतं, त्यात ग्रीस भरायचंच नसतं. काही जड ट्रेलरना ऑइल बाथ असतो, टोपीत काचेतून तेल दिसतं. त्या दोन्हींना खालचं काही लागू नाही.

सामान. नवीन सील चार, हे आधी आणून ठेवायचं, जुनं सील परत वापरायचं नाही म्हणजे नाही. कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घालायची दुहेरी पायांची पिन) मूठभर. ग्रीस एनएलजीआय दोन नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर), लिथियम कॉम्प्लेक्स, डब्यावर जीसी-एलबी अशी खूण बघा, म्हणजे ते चाकाच्या बेअरिंगसाठी आहे. रंगावर जाऊ नका, लाल, हिरवं, निळं हे कंपनीच्या मर्जीवर असतं, लाल म्हणजे सगळं एकच असं काही नाही. पॉलियुरिया किंवा मातीच्या बेसचं ग्रीस लिथियममध्ये मिसळलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. म्हणून ट्रेलर नवीन घेतला असेल आणि आत काय भरलंय माहीत नसेल तर पहिल्या वर्षी सगळं जुनं काढून धुवायचं आणि मग कायम एकच डबा धरून राहायचं. शिवाय मिनरल स्पिरिट, ब्रेक क्लीनर, रबरी हातमोजे, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, माप फूट-पाउंडांत), मोठी पक्कड, रबरी हातोडी, जॅक आणि जॅक स्टँड. आणि श्रीखंडाचे चार रिकामे डबे, यावर हसू नका, सांगतो पुढे.

ट्रेलर सपाट काँक्रीटवर आणा आणि गाडीला जोडलेलाच ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा. ज्या बाजूचं काम करणार त्याच्या विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून चॉक लावा, गावाकडे ट्रकच्या चाकामागे दगड लावतात ना, तेच. लग नट (चाक धरणारे नट) चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावायचा नाही, नळीला किंचित बाक दिलेला असतो तो बिघडतो, मग टायर एका बाजूने झिजायला लागतात. जॅक फ्रेमला लावा, ट्रेलरच्या पुस्तकात जागा दिलेली असते. जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली हात घालायचा नाही, आधी स्टँड लावा, मग बाकी सगळं.

चाक काढायच्या आधी एक गंमत करून बघा. वर उचललेलं चाक हाताने फिरवा आणि कान द्या, खरखर येते का. मग बारा आणि सहा वाजताच्या जागी धरून हलवा. किंचित खेळ जाणवला तर ठीक, टकटक वाजलं तर आत काहीतरी झालंय. हे आत्ता लक्षात ठेवलं की उघडल्यावर काय शोधायचं ते कळतं.

चाक निघालं की मधली डस्ट कॅप, म्हणजे हबवरची पत्र्याची टोपी. कडेने थोडं थोडं ठोकत फिरत राहा, एकाच जागी मारून वाकवू नका. आत कॉटर पिन, ती सरळ करून ओढा आणि फेकून द्या. मग कंगोऱ्यांचा नट, त्यामागे एका बाजूने सपाट असलेलं वॉशर. आता ड्रम थोडा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग आपोआप हातात येतं, अंगठा आधीच तिथे धरून ठेवा नाहीतर ते काँक्रीटवर पडतं आणि वाळू चिकटते, माझं पडलेलं आहे. इलेक्ट्रिक ब्रेकची वायर मागच्या प्लेटवर राहते, ड्रमला काही जोडलेलं नसतं, त्यामुळे ड्रम सरळ निघतो. अडकला तर ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) जास्त घट्ट आहेत, मागच्या खाचेतून स्टार व्हील (शू घट्ट-सैल करायचं दातेरी चाक) थोडं सैल करा.

ड्रम उलटा करून मागचं सील उचकटून काढा, आतलं बेअरिंग मिळेल. इथे श्रीखंडाचे डबे. प्रत्येक चाकाचा एक डबा, झाकणावर पट्टी चिकटवून लिहायचं, पुढचं डावं, पुढचं उजवं असं. कोन आणि रेस एकमेकांबरोबर झिजलेले असतात, ह्याचं त्याला लावलं तर खराब व्हायला वेळ लागत नाही. डब्यात मिनरल स्पिरिट ओतून बेअरिंग बुडवा, जुन्या ब्रशने रोलरच्या मधलं सगळं निघेपर्यंत घासा. पेट्रोलने धुवायचं नाही, गॅरेजच्या बंद दारात तर अजिबात नाही. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग सुईंऽऽ करून फिरवायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो आवरा, कोरडे रोलर तेवढ्या वेगात एकमेकांवर घासतात आणि कधी कधी सुटून उडतातही. कपड्यावर ठेवून वाळू द्या, तेवढ्यात हबच्या आतलं जुनं ग्रीस बोटांनी काढा, चिंधीने पुसा.

आता बघायचं काम, ज्याच्यासाठी एवढी खटपट केली. उन्हात नेऊन एकेक रोलर फिरवत बघा. रोलर आणि रेस दोन्ही राखाडी-चकचकीत आणि एकसारखे हवेत. रेसवरून नख ओढा, कुठे अडकलं तर खड्डा आहे. निळसर किंवा गव्हाळ रंग चढला असेल तर बेअरिंग तापलेलं आहे. पत्र्याचे पापुद्रे निघावेत तसा पृष्ठभाग उचकटलेला असेल, ठरावीक अंतरावर आडव्या खुणा असतील, पिंजरा वाकला असेल, तर विचार करत बसू नका, बदला. आणि बदलायचं तर कोन आणि रेस जोडीने, जुन्या रेसवर नवीन कोन घालायचा नाही. स्पिंडलवर सील जिथे बसतं तिथे बोट फिरवा, खाच लागली तर बारीक सॅंडपेपरने हलकेच गुळगुळीत करा. खाच खोल असेल तर नवीन सीलही गळणारच.

रेस बदलणं तसं अवघड नाही. हबच्या आत रेसच्या मागे दोन खाचा दिसतात, तिथे पितळी दांडा टेकवून आळीपाळीने ठोकलं की रेस बाहेर. नवीन रेस रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीने चिमूटभर आकसते आणि सहज बसते. आमच्या घरी ती मोदकांच्या गोठवलेल्या पाकिटाशेजारी ठेवली म्हणून मला बरंच ऐकावं लागलंय, पिशवीत घालून ठेवा. बसवताना जुनी रेस वर ठेवून तिच्यावर ठोकायचं, म्हणजे नवीनला ओरखडा पडत नाही, पण जुनीची बाहेरची बाजू आधी थोडी घासून घ्या नाहीतर तीही आत रुतून बसते. पूर्ण टेकली की ठोकण्याचा आवाज बदलतो, पोकळ आवाज जाऊन ठण्ण येतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

ब्रेक उघडे आहेतच तर तिथेही नजर टाका. शू किती उरलेत, मॅग्नेट (करंट मिळाला की ब्रेक लावणारा लोहचुंबक) सपाट झिजलाय की तिरका, वायर कुठे घासतेय का. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची.

ग्रीस भरणं. बाजारात पॅकर मिळतो, पण चार चाकांना हातच बरा. डाव्या तळव्यावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं, उजव्या हातात बेअरिंग धरायचं आणि त्याची रुंद कड त्या गोळ्यावर आपटत, ओढत राहायचं, म्हणजे ग्रीस रोलरच्या मधून शिरतं आणि दुसऱ्या बाजूने शेवेसारखं बाहेर येतं. आलं की थोडं फिरवून पुढचा भाग. भरल्या वांग्यात मसाला भरताना जसं वरून लिंपून चालत नाही, आतपर्यंत जावा लागतो, तसंच आहे हे, बाहेरून माखलेलं बेअरिंग दिसायला भरलेलं दिसतं आणि आत कोरडंच असतं. पूर्ण भरल्यावर बाहेरून एक थर. रेसवर पण बोटाने थर द्या, हबच्या पोकळीत आतून लिंपा.

आतलं बेअरिंग बसवा, मग नवीन सील. सीलच्या ओठामागे बारीक स्प्रिंग असते, ती बाजू बेअरिंगकडे. वर सपाट लाकडाची फळी ठेवून हातोडीने सगळीकडून सारखं ठोका, कडेशी समपातळीत आलं की थांबा. सीलच्या ओठाला बोटभर ग्रीस. ड्रमचा आतला भाग, जिथे शू आणि मॅग्नेट घासतात तो, ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, तुमच्याच बोटांचं ग्रीस तिथे लागलेलं असतं. मग ड्रम दोन्ही हातांनी सरळ धरून स्पिंडलवर चढवा, सील आट्यांवर घासू देऊ नका. बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट.

आता तो नट. लोक दोन चुका करतात, एक म्हणजे चाकाचा आहे म्हणून दाबून आवळतात, मग बेअरिंग जळतं, आणि दुसरी, घाबरून सैल ठेवतात, मग चाक हलतं आणि सील फाटतं. पद्धत अशी आहे. एका हाताने ड्रम हळूहळू फिरवत राहायचं आणि नट साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत आवळायचा, हे फक्त सगळं नीट टेकून बसावं म्हणून. मग ड्रम फिरवणं थांबवायचं, आणि ड्रम न हलवता नट सैल करायचा, जोर पूर्ण जाईपर्यंत. मग पाना बाजूला ठेवायचा आणि फक्त बोटांनी नट टेकेपर्यंत फिरवायचा. बास. बोटांनी, हे दोनदा वाचा. कंगोरा आणि पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे नाही, मागे न्यायचा, भोक जुळेपर्यंत. नवीन कॉटर पिन घालून पाय वाकवा. पिन घातल्यावर नट किंचित सैल वाटतो, ते बरोबर आहे, मला पहिल्यांदा झोप आली नव्हती त्या विचाराने. काही नव्या ॲक्सलना पिनऐवजी पत्र्याची टोपी असते, पण बोटांचं तत्त्व तेच.

डस्ट कॅप ठोका, चाक चढवा. लग नट ताऱ्याच्या आकारात, एक सोडून समोरचा, तीन टप्प्यांत. अर्ध्या इंची बोल्टला २०-२५, मग ५०-६०, शेवटी ९० ते १२० फूट-पाउंड. पुन्हा १०, २५ आणि ५० मैलांना थांबून तपासायचं. हे कंटाळवाणं आहे पण चाकं निघून जाण्याचं एक मोठं कारण बेअरिंग नसून हे नटच असतं. ब्रेक सैल केले होते तर स्टार व्हील चाक जड फिरेपर्यंत घट्ट करा, मग शू अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतपत मागे घ्या.

आता ते निपल. कॅपच्या मध्ये रबरी बूच असतं, ते काढलं की ग्रीस निपल. त्यातून मारलेलं ग्रीस स्पिंडलमधून मागच्या सीलजवळ जातं आणि तिथून दोन्ही बेअरिंगमधून पुढे येतं. कल्पना चांगली आहे. पण दुसऱ्या वर्षी मी आळस केला आणि बॅटरीवरची गन लावून, चाक न फिरवता, दाबून ग्रीस भरलं. पुढून काही आलं नाही म्हणून आणखी मारलं. ते सगळं मागून सील ओलांडून ब्रेकवर गेलं होतं. मॅकिनॉ ब्रिज ओलांडून वरच्या पेनिन्सुलाला (मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात) निघालो होतो, पुलाच्या आधीच्या उतारावर ब्रेक दाबला की ट्रेलर एका बाजूला ओढतोय असं वाटायला लागलं. कॅम्पग्राउंडला जाऊन चाक काढलं तर ड्रममध्ये लाल चिखल. ग्रीस प्यालेला शू धुऊन स्वच्छ होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून निपल वापरायचंच असेल तर हातगन, चाक वर उचलून सतत फिरवत, हळू पंप, आणि जरा जरी जोर लागतोय वाटलं की थांबा. मी आता फक्त हिवाळ्यात उभा करायच्या आधी दोन पंप मारतो, तेही चाक फिरवत.

काम झाल्यावर दहा-पंधरा मैल चालवून आणा आणि हबला हात लावा, नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, स्वस्त मिळतो. आकडा किती आला यापेक्षा चारांची तुलना महत्त्वाची. जास्त ब्रेक लावले असतील तर सगळेच गरम येतील, उन्हाच्या बाजूचे थोडे जास्त येतील. पण तिघं सारखे आणि एकच बराच गरम असेल तर तिथे नट घट्ट झालाय किंवा ब्रेक घासतोय, परत उघडा. मी प्रत्येक गॅस स्टेशनवर हे बघतो, मुलं म्हणतात बाबा निघाले चाकांना ताप बघायला.

सुट्या सामानाचा एक डबा कायम ट्रेलरमध्ये. आतलं-बाहेरचं बेअरिंग रेससकट, एक सील, पिना, ग्रीसची नळी, हातमोजे. वरच्या पेनिन्सुलात रविवारी दुपारी पार्टचं दुकान उघडं सापडत नाही, आणि टो ट्रकवाल्याकडे तुमच्या मापाचं सील असण्याची शक्यता फारच कमी. यंदा मागच्या उजव्या चाकाच्या बाहेरच्या कोनवर दोन बारीक खड्डे दिसले, जोडी बदलली. जुनी जोडी डब्यातून काढून टाका, मी एकदा खराब बेअरिंगच जपून स्पेअर म्हणून घेऊन फिरत होतो.